पावसाळ्यात दोनदा आंघोळ करूनही अंग चिकट आणि कपडे कुबट. कोकणातले लोक काय करतात?

खाडीपलीकडे

नमस्कार मंडळी. विषय जरा खाजगी आहे, पण इथे कोणी कोणाला तोंडाने ओळखत नाही म्हणून विचारतो.

मुंबई सोडून आम्ही गुहागर तालुक्यातल्या आमच्या मूळ घरी राहायला आलोय. मी, बायको, आठवीतला मुलगा आणि आई-बाबा. इथला हा आमचा पहिलाच पूर्ण पावसाळा. बाकी सगळं झकास, तक्रार फक्त अंगाची. सकाळ-संध्याकाळ आंघोळ करतो, जंतू मारणारा म्हणून जाहिरात होते तो साबण लावतो, तरी दुपारपर्यंत अंग चिकट, बनियनला कुबट वास आणि जांघेत खाज. मेडिकलमधून आणलेली एक ट्यूब लावली की चार दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच, आणि आता चट्टा पसरलाय.

घरात यावर रोज परिसंवाद. बायको म्हणते बादलीने नीट आंघोळ होत नाही, शॉवर बसवा. बाबा म्हणतात साबणच बंद करा. आई बादलीत जंतुनाशकाचं झाकण ओतते. चिरंजीव आंघोळ टाळून काखेत डिओ मारतात आणि शाळेत जातात.

शॉवर की बादली, गरम की गार, कोणता साबण, दिवसातून किती वेळा? ज्यांचे पावसाळे इथेच गेलेत त्यांनी सांगा.

रातांबा

साबणाचं राहू दे. तुमचा टॉवेल किती जाड आहे, तो कुठे वाळत घालता आणि शेवटचा पूर्ण कधी वाळला होता ते आधी सांगा.

खाडीपलीकडे

@रातांबा, चांगला जाड, मऊ टॉवेल आहे. न्हाणीच्या दाराला अडकवतो. पूर्ण वाळला होता… मे महिन्यात असावा.

रातांबा

मग उत्तर मिळालं की.

माडाखालची

रातांबा यांनी बरोबर दुखण्यावर बोट ठेवलंय. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही मुख्यतः चार महिन्यांत. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या आसपास असते. अशा हवेत जाड टॉवेल वाळतच नाही, नुसता गार होतो. सकाळी स्वच्छ अंग तुम्ही कालच्या ओलसर टॉवेलने पुसता, त्यावर कपाटातली दमट बनियन चढवता. आंघोळ चारदा केलीत तरी काय होणार?

आमच्याकडे जूनच्या आधी जाड टॉवेल धुऊन, उन्हात कडक वाळवून पेटीत जातात. दिवाळीला बाहेर येतात. पावसात फक्त पंचे. राजापुरी पंचा मिळाला तर उत्तम, नाहीतर कुठलाही विरळ विणीचा सुती पंचा. पाणी पटकन टिपतो, पिळला की निथळतो, आणि पडवीत वाऱ्याच्या तोंडाला टाकला की दुपारपर्यंत सुकतो. माणशी तीन ठेवायचे. एक अंगावर, एक दोरीवर, एक कपाटात. आणि एकाचा दुसऱ्याने वापरायचा नाही, नवरा-बायकोनेसुद्धा.

वाळत घालायच्या जागेबद्दल: न्हाणीचं दार ही घरातली सगळ्यात वाईट जागा. माझ्या सासूबाई चुलीच्या वरच्या बाजूला दोरी बांधत. तान्ह्या मुलांची दुपटी-लंगोट वाळवायला निखाऱ्यांवर टोपली उपडी घालून त्यावर पसरायची पद्धत होती. आता चूल नसेल तर पंख्याखाली दोरी बांधा आणि अंगाला लागून असणाऱ्या कपड्यांना रोज इस्त्री फिरवा. वीज असेल तेव्हा फिरवा म्हणजे झालं.

दोन_कळश्या

सगळं वाचून गंमत वाटली. आमचे आजोबा विहिरीवर उघड्यावर दोन कळश्या डोक्यावर ओतून घेत, वजरीने टाचा घासत आणि धोतर गुंडाळून बाहेर पडत. साबण सणावारी. नव्वदी पार केली, कधी खरूज नाही की नायटा नाही. हे सगळे रोग साबण आणि शॉवरबरोबर आलेत.

माडाखालची

@दोन_कळश्या, आजोबांना नमस्कार. पण ते दिवसभर कमरेवर उघडे असायचे ना? अंगावर एक सुती धोतर, पायात काही नाही, आंघोळ झाली की अंगावरच्या वाऱ्याने दोन मिनिटांत कोरडे. तुम्ही आज जीन्स, इलॅस्टिकची नायलॉन चड्डी आणि बंद बूट घालून त्यांच्या दोन कळश्यांची बरोबरी करणार असाल तर कसं जमेल? आणि नायटा तेव्हाही होता. गोमूत्रापासून गंधकापर्यंत शंभर उपाय काय उगाच निघाले? तुरळ, राजवाडी, आरवली, उन्हाळे, उन्हवरे इथल्या गरम पाण्याच्या कुंडांवर कातडीच्या दुखण्यासाठी लोक पिढ्यान्‌पिढ्या जातायत.

दोन_कळश्या

जीन्सचा मुद्दा मान्य. साबणाचा नाही.

कातडीचा_डॉक्टर

मी त्वचारोगाचा डॉक्टर आहे, प्रॅक्टिस कोकणातच. धागा वाचून राहवलं नाही. लांब लिहितोय, सांभाळून घ्या.

@खाडीपलीकडे, सर्वात आधी ती ट्यूब. चार दिवस बरं वाटून मग पसरतंय, हे वर्णन मी पावसाळ्यात रोज ऐकतो. अशा ट्यूबमध्ये बहुधा तीन औषधं एकत्र असतात: बुरशीचं, जिवाणूंचं आणि एक जोरदार स्टेरॉइड. स्टेरॉइड खाज आणि लाली दाबतं, त्यामुळे बरं वाटतं. पण ते त्वचेची प्रतिकारशक्तीही दाबतं आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. चट्ट्याचा आकार बदलतो, डॉक्टरलाही ओळखणं कठीण जातं, जांघेतली नाजूक कातडी पातळ होऊन तिला कायमच्या चिरा पडतात. स्टेरॉइडची मलमं प्रिस्क्रिप्शनशिवाय विकता येऊ नयेत असा बदल २०१८ मध्ये झाला, तरी काउंटरवर काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. ट्यूबवर क्लोबेटासॉल, बेक्लोमेथासोन, बीटामेथासोन असं काही लिहिलंय का पाहा आणि ती घेऊनच डॉक्टरकडे जा.

भारतात गेल्या काही वर्षांत गजकर्णाची एक चिवट बुरशी पसरलीय, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला ती बऱ्याचदा दाद देत नाही. म्हणून शेजाऱ्याच्या गोळ्या घेऊ नका. औषध सुरू झालं की चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटं जागेपर्यंत लावायचं, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस, साधारण दोन आठवडे, चालू ठेवायचं. निम्मे रुग्ण खाज थांबली की थांबतात आणि गणपतीत परत येतात. घरात आणखी कोणाला खाज असेल तर सगळ्यांनी एकदमच उपचार घ्या.

आता आंघोळ. घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. काखेत आणि जांघेत वेगळ्या प्रकारच्या घामग्रंथी असतात, त्यांच्या घामात चरबी आणि प्रथिनं असतात. तिथले जिवाणू ती फोडतात आणि वास तयार होतो. म्हणून साबणाची खरी गरज काख, जांघ, पार्श्वभाग आणि पाय एवढ्याच जागी रोज असते. हात, पाठ, पोट, पोटऱ्या यांना चिखल-मातीत काम केलं नसेल तर पाणी पुरतं. दोन_कळश्यांचे आजोबा इथे अर्धे बरोबर होते. साध्या साबणाचा सामू (पीएच, आम्ल-अल्कलीचं माप) ९ ते १० असतो, त्वचेचा ५ च्या आसपास. दिवसातून दोनदा डोक्यापासून पायापर्यंत फेस केला की वरचा स्निग्ध थर जातो, बारीक भेगा पडतात, आणि त्यातून बुरशीला आत शिरायला वाट मिळते.

जंतुनाशक साबणाबद्दल: अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१६ मध्ये ट्रायक्लोसानसह १९ घटक घरगुती साबणांत वापरायला बंदी केली, कारण साध्या साबण-पाण्यापेक्षा त्यांचा जास्त फायदा होतो हे कंपन्यांना दाखवता आलं नाही. आईंना सांगा, बादलीतलं झाकणही बंद. त्याने कातडी कोरडी होते, क्वचित अ‍ॅलर्जी होते, बाकी काही नाही.

शॉवर की बादली याने कातडीला काडीचा फरक पडत नाही. बादलीत पंधरा-वीस लिटर पाणी मावतं, साधा शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर ओततो. तुमच्या विहिरीला मे महिन्यात किती पाणी असतं त्यावर ठरवा. पाणी कोमट घ्या. कढत पाण्याने खाजेला तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि नंतर ती दुप्पट होते.

आणि खरं काम आंघोळ संपल्यावर सुरू होतं. आधी डोकं, चेहरा, धड पुसा. मग पायाच्या बोटांच्या बेचक्या एकेक करून कोरड्या करा. जांघेसाठी वेगळं फडकं. पंख्याखाली दोन मिनिटं उभे राहा आणि मगच कपडे घाला. पावडर भरभरून लावू नका, घामात मिसळून तिचा लगदा होतो.

बांगडेवाला

डॉक्टरसाहेब, दंडवत. एवढं तपशिलात कोणी समोर बसवूनही सांगत नाही.

माझं मालवणचं निरीक्षण. गणपतीक घराकडे पंधरा माणसा येतत आणि दोरयेर पंधरा ओले टॉवेल. एकाचोय सुकना नाय. तिसऱ्या दिवशी कोणाचो खंयचो काय कळना नाय, हाताक लागात तो घेतत. म्हणान आमी आता आधीच फोन करून सांगतो, येवचा तर आपापलो पंचो घेवन येवा. दोघे रुसले. रुसोत.

खाडीपलीकडे

सगळ्यांचे आभार. ट्यूबवर क्लोबेटासॉल आहे. उद्या चिपळूणला जातोय दाखवायला.

एक शंका. बाबांच्या कमरेला काळा करगोटा आहे आणि खाज नेमकी त्याच ओळीत आहे. आंघोळीत ते तो काढत नाहीत. बोलायची हिंमत होत नाहीये.

कातडीचा_डॉक्टर

करगोटा दिवसभर ओला राहतो आणि त्याच्याखाली बुरशी छान मुरते. कमरेभोवतीचा गजकर्णाचा पट्टा आम्ही इतका बघतो की रुग्ण आत आला की आधी शर्ट वर करायला सांगतो. उपचार पूर्ण होईपर्यंत काढून ठेवणं उत्तम. त्यांची श्रद्धा असेल तर नवा करगोटा, रोज साबणाने धुऊन, कोरडा करून बांधायचा, आणि जुना फेकून द्यायचा. जानव्यालाही तेच. घट्ट अंगठीखाली साबण अडकून कातडी सोलवटते, तीही हात धुताना काढा.

माझा अनुभव असा की मुलाने सांगितलेलं बाबा ऐकत नाहीत, डॉक्टरने सांगितलेलं ऐकतात. सोबत घेऊन जा.

शाळेची_घंटा

माझी नोकरी हायस्कूलची, त्यामुळे आठवीतल्या चिरंजीवांबद्दल मला बोलायचा हक्क आहे. पावसाळ्यात दुसऱ्या तासाला आठवी-नववीच्या वर्गात शिरायला धैर्य लागतं.

मुलाला आळशी म्हणू नका. डॉक्टरांनी सांगितलेल्या त्या काखेतल्या ग्रंथी वयात येतानाच कामाला लागतात. सहावीपर्यंत जो मुलगा आठवडाभर आंघोळ न करता चालून जायचा, त्याला अचानक वास यायला लागतो आणि हे त्याच्या लक्षात येत नाही, कारण स्वतःचा वास स्वतःला येत नाही. वर्गासमोर किंवा पाहुण्यांसमोर बोललात तर तो आणखी डिओ मारेल, बस्स. एकट्याला घेऊन, वडिलांनी, साध्या शब्दांत सांगायचं.

डिओ हा नुसता वास आहे, घामावर त्याचा परिणाम नाही. घाम कमी करायचा तर अँटिपर्स्पिरंट, अॅल्युमिनियमचे क्षार असलेलं. ते सकाळी घाईत ओल्या काखेत नाही, तर रात्री झोपताना कोरड्या काखेत लावायचं. रात्री घाम कमी येतो, औषध ग्रंथीच्या तोंडाशी बसतं. मी मुलांना स्वस्तातला उपाय सांगतो तो तुरटीचा: आंघोळीनंतर ओल्या काखेवर खडा फिरवायचा, मग पुसायचं. तीही अॅल्युमिनियमचाच क्षार, जिवाणूंना आवरते.

आणि बूट! मुलं ओल्या बुटात ओले मोजे घालून सहा तास बसतात. आमच्या शाळेत पावसाळ्यात सॅंडल चालतील असं पालकसभेत ठरवून घेतलं, बराच वाद झाला, पण चिखल्यांचं (बोटांच्या बेचक्या कुजण्याचं) प्रमाण डोळ्यांना दिसण्याइतकं उतरलं. बूट सक्तीचे असतील तर दोन जोड आलटून-पालटून, आणि रात्री आत वर्तमानपत्राचे बोळे.

निवडुंग

+१. चिखल्यांवर मेंदी लावतात आमच्याकडे. लावावी का?

कातडीचा_डॉक्टर

@निवडुंग, शुद्ध मेंदी असेल तर फारसं नुकसान नाही, पण बाजारातल्या काळ्या मेंदीत रसायन असतं, ते भेगाळलेल्या बेचक्यात घालू नका. बेचक्या कोरड्या ठेवून बुरशीचं साधं मलम लावलं तर बहुतेक चिखल्या जातात. मधुमेह असेल तर घरगुती काही नको, लगेच दाखवा. तिथूनच पाय सुजून ताप येतो.

सागरगोटा

पुरुषमंडळी जांघेबद्दल मोकळेपणाने बोलतायत म्हणून मीही बोलते.

आपल्याकडे बायकांची अंतर्वस्त्रं आणि पाळीचे कपडे दोरीवर साडीच्या नाहीतर परकराच्या आत लपवून वाळत घालायची पद्धत अजून आहे. शहरात शिकलेल्या मुलीही गावी आल्या की गुपचूप तसंच करतात. उन्हाळ्यात ते एकवेळ खपतं. पावसात तो कपडा चार-चार दिवस ओलाच राहतो, आणि तसाच वापरला जातो. मग खाज, पांढरं जाणं, आणि त्यावर ‘उष्णता झालीय, सब्जा घे’. उष्णता वगैरे काही नाही, ओला कपडा आहे! घरातल्या पुरुषाच्या चड्डीला मागीलदारी वाऱ्यावर मानाची जागा आणि आमच्या कपड्यांना पदराआड, हे बंद व्हायला हवं. मी माझ्या घरात बंद केलं. सासरे दोन दिवस त्या बाजूला फिरकले नाहीत, मग सवय झाली.

कापड वापरणाऱ्यांनी ते गार पाण्यात रक्त काढून, साबणाने धुऊन, कडक वाळवून, इस्त्री करूनच ठेवावं. ते शक्य नसेल तर पावसाळ्यापुरते तरी पॅड. मी कप वापरते, दर पाळीला उकळून ठेवायचा, वाळवायची भानगड नाही. पॅड सहा तासांच्या वर ठेवू नका, कोरडा दिसला तरी.

आणि ते सुगंधी ‘इंटिमेट वॉश’ घेऊ नका गं. आतला भाग स्वतःची स्वच्छता स्वतः राखतो, तिथले चांगले जिवाणू आम्लता टिकवतात. बाहेरून साधं पाणी, आणि धुताना-पुसताना हात पुढून मागे. मुलींना हे चौथी-पाचवीतच शिकवा.

माडाखालची

@सागरगोटा, टाळ्या. वरती मी दोरीबद्दल एवढं लिहिलं आणि नेमकं हेच लिहायला कचरले.

हापूस_की_पायरी

पाऊस-पाऊस काय चाललंय? मार्च ते मे कोण बोलणार? आमच्या देवगडच्या कातळावर पाऊस कितीही पडो, जांभ्यातून पाणी झिरपून समुद्राला. एप्रिलमध्ये विहीर तळाला जाते आणि आम्हाला आंबे उतरवून, चीक-घाम-धूळ घेऊन यायचं असतं. अर्ध्या बादलीत आंघोळ कशी करावी यावर मी पुस्तक लिहू शकेन.

आधी हात-तोंड-पाय वेगळ्या तांब्याभर पाण्याने धुवायचे, नाहीतर तीच धूळ अंगभर पसरते. मग ओल्या फडक्याने सगळं अंग भिजवायचं, तांब्या ओतायचा नाही. साबण डॉक्टरांनी सांगितल्या तेवढ्याच जागी. घासायला प्लॅस्टिकची जाळी नको, परसात वाळलेलं घोसाळं असतं त्याची साल-बिया काढून घ्यायची; मात्र ही घोसाळ्याची जाळीही वाऱ्यावर सुकवायची आणि महिन्याभराने टाकून द्यायची. उरलेलं पाणी वरून खाली एकदाच. ते पाणी केळीला जातं, म्हणून न्हाणीचा पाट केळीच्या आळ्यात सोडलेला आहे.

चिकाचं महत्त्वाचं. आंब्याचा देठ तुटताना उडालेला चीक कातडीला लागला की काही जणांना उततं, फोड येतात. बागेत जायच्या आधी हात-मान-चेहऱ्याला खोबरेल चोपडायचं, चीक लागला की रात्रीच्या आंघोळीची वाट न पाहता तिथेच साबणाने धुवायचा. काजूच्या टरफलाचं तेल त्याहून जहाल, ते तर भाजतंच.

समुद्रकाठच्या लोकांना आणखी एक त्रास: विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, अंगावर पांढरट थर बसतो, केस चिकट होतात. आम्ही शेवटचे दोन तांबे गोड्या पाण्याचे राखून ठेवतो. ज्यांना परवडतं ते साबणाऐवजी फेसवॉशसारखी ती सिंथेटिक वडी घेतात, ती खाऱ्या पाण्यातही निघते.

निवडुंग

आणि केस? पावसात तेल लावलं की कोंडा वाढतो, नाही लावलं की आजी ओरडते.

कातडीचा_डॉक्टर

आजीला सांगा, कोंडा करणारी मॅलॅसेझिया ही बुरशी तेलावरच जगते. कोंडा असेपर्यंत टाळूला तेल नको, केसांच्या टोकांना चालेल. किटोकोनॅझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, लावून पाच मिनिटं थांबून मग धुवायचा. लावला-धुतला केलं तर पैसे वाया. कोंडा नसेल तर शिकेकाई, रिठा, जास्वंदीच्या पानांचा लगदा यांना माझी काहीच हरकत नाही. फक्त केस ओले असताना अंबाडा बांधू नका.

बांगडेवाला

अवांतर. हाताक माशाचो वास. साबण तीनदा लावून जात नाय, तर सोलाची (कोकमाची) साल हातावर चोळा, नायतर लिंबू. का जाता ता कोणी सांगात काय?

शाळेची_घंटा

माशाचा वास ज्या पदार्थामुळे येतो, ट्रायमिथाइल अमाइन, तो अल्कलीधर्मी असतो. आंबट लावलं की त्याचा क्षार होतो, तो उडून नाकापर्यंत येत नाही आणि पाण्याबरोबर वाहून जातो. साबण स्वतःच अल्कली, म्हणून तो इथे हरतो. आधी सोल, मग साबण.

काजूबाग

मी दोडामार्गचा. आमच्याकडे आंघोळ हा वासाचा नाही, तापाचा प्रश्न आहे, म्हणून लिहितो. २०१६ पासून आमच्या भागात माकडताप आहे. तो गोचिडीतून येतो, आणि पिल्लू गोचीड तिळाहून बारीक असते. मोसम दिवाळीनंतर ते मे, म्हणजे नेमका काजू वेचायचा. रानातून, बागेतून आलं की घरात बसायच्या आधी गरम पाणी आणि साबण लावून आंघोळ, आणि कपडे सरळ कढत पाण्यात. आंघोळीत काखा, कानामागे, गुडघ्यामागे, जांघा, कमरेची घडी बोटांनी चाचपायची. पाठ घरच्या माणसाला बघायला सांगायची. रानात जाण्यापूर्वी आरोग्य खात्याकडून मिळणारं तेल अंगाला लावायचं. जवळपास माकड मेलेलं दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्रात कळवायचं.

पावसाळ्यात दुसरी भीती, लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप. लावणीच्या चिखलात उंदीर-गुरांचं मूत्र असतं, पायाला चीर असेल तर त्यातून जंतू आत जातो. गमबूट घालणारा अजून गावात थट्टेचा विषय होतो, होऊ दे. शेतातून आल्यावर पाय साबणाने धुवा, चिरांवर मलम-पट्टी करूनच पुन्हा शेतात उतरा. हंगामात डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वाटतात त्या कोणाला, कशा घ्यायच्या ते आशाताईंना विचारा. ताप, डोळे लाल आणि पोटऱ्या जबर दुखत असतील तर त्याच दिवशी डॉक्टर.

खाडीपलीकडे

चिपळूणला जाऊन आलो. ट्यूब बंद, गोळ्या आणि वेगळं मलम सुरू, पाचही जणांना. करगोटा डॉक्टरांनी स्वतःच्या कात्रीने कापला. बाबा गाडीत गप्प होते, पण नवा मागितला नाही.

शॉवर रद्द. आईसाठी मात्र गॅस गिझर घ्यायचा विचार आहे, वीज सारखी जाते. न्हाणी जुनी, जांभ्याच्या भिंती, एकच छोटी खिडकी. चालेल?

रातांबा

गिझर न्हाणीच्या आत अजिबात नको. बंद जागेत गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला ना रंग ना वास, माणूस आंघोळ करताकरता बेशुद्ध पडतो. गिझर बाहेर पडवीच्या भिंतीला बसवा, फक्त पाण्याचा पाइप आत. ती छोटी खिडकी पावसातही उघडी ठेवा, वर पत्र्याची झडप लावून घ्या. नाहीतर सरळ बंब. आमचा अजून आहे, सोडणं-करवंट्यांवर चालतो, लाईटबिल शून्य.

न्हाणी जुनी म्हणताय म्हणजे जमिनीवर शेवाळ असणार. आई-बाबांच्या वयाला पडण्याची भीती सगळ्यात मोठी. बसून आंघोळ करायला रुंद पायांचं स्टूल, भिंतीला हाताच्या उंचीवर लोखंडी दांडा, आणि आठवड्यातून एकदा ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासणं. ब्लीचिंग टाकली असेल तेव्हा संडास धुवायचं अ‍ॅसिड तिथे वापरू नका, दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. दांड्याला डायनाबोल्ट लागतील, जांभ्यात साधा खिळा धरत नाही.